घासलेला नंबर: हाय-एंड ऑडिओ कंपन्यांच्या नव्या मालकांना खुले पत्र

प्रति,
हाय-एंड ऑडिओ कंपन्या विकत घेणारे सर्व मालक, त्यांची संचालक मंडळं आणि त्यांचे भारतातले वितरक

स. न. वि. वि.

मी कोल्हापुरात अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. लक्ष्मीपुरीच्या एका बोळात बारा बाय नऊचं दुकान आहे. वडील तिथे व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचे, मी अडतीस वर्षं त्याच स्टुलावर बसतोय. मराठीत लिहिलेलं हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार कसं, असं मुलगी म्हणाली. तिला म्हटलं, जेबीएलवाल्या हरमनचा गाडीतल्या यंत्रणांचा कारखाना चाकणला आहे, आणि रेकॉर्ड वाजवायची टर्नटेबलं बनवणाऱ्या एसएमई-गॅरार्डची मालकी तर थेट पुण्यात आहे. वाचणारं कोणीतरी निघेल.

आधी घडलं ते सांगतो.

शाहूपुरीतले एक गुळाचे व्यापारी आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. गेल्या श्रावणात ते एक अ‍ॅम्प घेऊन आले. घेऊन आले म्हणजे टेम्पो आणि दोन हमाल. वजन छत्तीस किलो. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर भांडण एकट्या त्या कंपनीचं होईल, आणि मला तर तुम्हा सगळ्यांशीच बोलायचंय. अण्णांनी तो बारा वर्षांपूर्वी मुंबईहून आणला होता, गुळाला बरा दर लागला त्या साली. रात्री पेढी बंद केली की केसरबाईंची जुनी ध्वनिमुद्रणं लावून बसायचं, दुसरा कसला नाद नाही. एका सकाळी समोरचा दिवा लागेना.

"मास्तर, आवाज बिघडला असता तर समजलं असतं. ह्यो उठतच न्हाई की."

वितरकाला फोन केला, मेल केली. आठवड्याने उत्तर आलं. कंपनी आता दुसऱ्या समूहाकडे गेली आहे, जुन्या मॉडेलला 'सपोर्ट' नाही. अख्खं बोर्ड परदेशात शिल्लक असलंच तर बघू, पण किंमत नव्या अ‍ॅम्पच्या निम्म्याच्या आसपास जाईल. त्यापेक्षा जुना द्या, नवा घ्या, सवलत देतो. मी सर्किट डायग्राम मागितला. तो फक्त अधिकृत सर्व्हिस सेंटरला मिळतो म्हणाले. अधिकृत सेंटर कुठं आहे? तर या ब्रँडचं सध्या भारतात नाही.

मग उघडला. झाकणाला अठरा स्क्रू. आत पुरणपोळीच्या डब्याएवढा गोल ट्रान्सफॉर्मर, दोन्ही बाजूंना आउटपुट ट्रान्झिस्टरच्या रांगा. एकेक तपासला, एकही शॉर्ट नाही. एकही कपॅसिटर फुगलेला नाही. सिरीज बल्ब लावून मुख्य सप्लाय थेट दिला, बल्ब एकदा पेटून मंद झाला. आम्हा लोकांना याचा अर्थ कळतो: यंत्र निरोगी आहे. मेलं होतं ते तळहाताएवढं स्टँडबायचं बोर्ड, म्हणजे रिमोटने यंत्र चालू-बंद करणारं, आणि त्यातही एकच आठ पायांची आयसी, म्हणजे चिप.

दहा-वीस रुपयांची वस्तू असावी. पण नंबरच नाही. भिंगाखाली धरली, तिरका उजेड मारला, खडूची पूड चोळली. कधीकधी पुसट अक्षरं त्यानं उमटतात. इथे उमटायला काही उरलंच नव्हतं. कंपनीने कारखान्यातच ग्राइंडरने नंबर घासून काढला होता, कोणी नक्कल करू नये म्हणून. नक्कल करणाऱ्याकडे प्रयोगशाळा असते, त्याला त्यानं काही फरक पडत नाही. अडतो तो बारा बाय नऊमधला माणूस.

शेवटी ती आयसी बाजूला काढली. ट्रान्सफॉर्मर एवढा मोठा, सप्लाय एकदम दिला तर घरातला एमसीबी पडतो. म्हणून टायमर, रिले आणि जाड रेझिस्टर लावून सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे वीज हळू सोडणारा खटका, बनवला. स्पीकरचं संरक्षणही त्याच आयसीच्या ताब्यात होतं, त्यासाठी वेगळं बोर्ड बसवलं. सगळं मिळून चोवीसशे रुपये, मजुरीसकट. अ‍ॅम्प गायला लागला. अण्णा खूश. माझ्या मनात मात्र ते अजून सलतंय. लाखो रुपयांच्या यंत्राच्या पाठीला मी गिझरचा खटका बसवून दिलाय, आणि रिमोट निकामी करून.

बाहेरच्यांना वाटेल, कोल्हापुरात कशाला हवेत असले अ‍ॅम्प? कोल्हापूर आणि आवाज म्हटलं की लोकांना डॉल्बी आठवतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला आमच्याकडे डॉल्बी म्हणतात, आणि डॉल्बी नावाच्या कंपनीचा त्यात एक स्क्रूसुद्धा नसतो. ब्रँडचं नाव आणि आतला माल यांची फारकत आम्ही तुमच्याही आधी करून दाखवली! पण हेच गाव अल्लादिया खाँसाहेबांचं. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी आश्रय दिला, जयपूर-अत्रौलीची गायकी इथे रुजली, देवल क्लब एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. कान असलेली माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. फौंड्रीवाले, डॉक्टर, गुळाचे व्यापारी, निवृत्त प्राध्यापक. पैसा जपून खर्च करतात, आणि एकदा घेतलेली वस्तू नातवाला द्यायची असते.

आता तुमच्याकडचं बघू. बॉवर्स अँड विल्किन्स ही जॉन बॉवर्स यांनी १९६६ साली इंग्लंडमधल्या वर्दिंगला काढलेली कंपनी, अ‍ॅबी रोड स्टुडिओत त्यांचे स्पीकर. २०१६ मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या ईव्हा ऑटोमेशन या नवख्या कंपनीने घेतली. २०२० मध्ये साउंड युनायटेडने. २०२२ मध्ये साउंड युनायटेडलाच मासिमोने घेतलं. सप्टेंबर २०२५ मध्ये ते सगळं हरमनकडे आलं, आणि हरमन २०१७ पासून सॅमसंगची. नऊ वर्षांत चार दावणी. वडगावच्या जनावरांच्या बाजारातला बैलसुद्धा एवढ्यांदा हात बदलत नसेल.

मासिमो म्हणजे कोण, हे माझ्या गिऱ्हाइकांना सांगावं लागतं. कोरोनात बोटाला चिमटा लावून आपण ऑक्सिजनचा आकडा बघत बसायचो ना, त्या तंत्रातली अमेरिकेतली बडी कंपनी. डेनॉन, मरांट्झ, पोक, बॉवर्स हे सगळं एकगठ्ठा घ्यायला तिने एक अब्ज डॉलरहून थोडे जास्त मोजले. घोषणा झाली आणि शेअर एका दिवसात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पडला. भागधारक भडकले. भांडण वाढत वाढत २०२४ मध्ये संस्थापकालाच घराबाहेर जावं लागलं. मग ऑडिओचा धंदा ३५ कोटी डॉलरला हरमनला विकला. रुपयाचे चौतीस पैसे. या सगळ्यात मरांट्झच्या जुन्या सीडी प्लेअरच्या सुट्या भागांचा विचार कोणत्या बैठकीत, किती मिनिटं झाला असेल?

ओंक्यो १९४६ सालची ओसाकाची कंपनी, २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचा घरगुती ऑडिओचा धंदा त्याआधीच अमेरिकेच्या व्हॉक्सने शार्पला सोबत घेऊन उचलला होता. स्पीकरवाली क्लिप्शही व्हॉक्सचीच. आणि एप्रिल २०२५ मध्ये अख्खी व्हॉक्स जेन्टेक्सने घेतली, जी गाड्यांचे आपोआप काळे होणारे आरसे बनवते. अ‍ॅम्प बनवणारी मॅकिन्टॉश आणि स्पीकर बनवणारी सोनस फाबेर नोव्हेंबर २०२४ पासून बोसच्या घरात. मॅकिन्टॉशचं हे पहिलं सासर नव्हे: आधी क्लॅरियन, मग डेनॉन-मरांट्झवाले, मग इटालियन मालक, मग गुंतवणूकदार. तरी निळे मीटर अजून तसेच आहेत, हे मान्य करतो.

नाव टिकतं, हात जातात. हरमनने २०१७ मध्ये माइकवाल्या एकेजीचं व्हिएन्नातलं ठाणं बंद केलं, तेव्हा तिथल्या माणसांनी ऑस्ट्रियन ऑडिओ नावाची स्वतःची कंपनी काढली. माइक कोणाचा ऐकायचा, नावाचा की हातांचा? मार्क लेव्हिन्सन यांची गत तर न्यारीच. १९७२ मध्ये स्वतःच्या नावाने कंपनी काढली, पुढे ती हातची गेली आणि तिच्यासोबत धंद्यात स्वतःचं नाव वापरायचा हक्कही गेला. नंतरची कंपनी त्यांना 'चेलो' नावाने काढावी लागली. त्यांचं नाव आज हरमनकडे आहे आणि लेक्सस गाड्यांच्या स्पीकरवर छापलेलं असतं.

गाड्या! खरा मुद्दा तिथेच आहे, आणि तुमची अडचण मला कळत नाही असं समजू नका. अ‍ॅम्प काही शेकड्यांत खपतात. तरुण पोरं कानात बोंडं घालून ऐकतात. हाय-एंडचं गिऱ्हाईक माझ्याच वयाचं, केस पिकलेलं. दुकानदार भाडं भरून ऐकण्याची खोली सजवतो, गिऱ्हाईक तिथे तासभर ऐकतं आणि दुबईहून भावाकडून मागवतं. आपल्याकडे त्यावर आयात शुल्क, जीएसटी, वितरकाचा हिस्सा. चिपच्या कारखान्याला तुमची ऑर्डर म्हणजे पितळी भांड्यातली मोहरी. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओकाला असाही कासेईचा चिप कारखाना जळाला, तर जगभरच्या डॅकवाल्यांना, म्हणजे डिजिटल गाण्याचा आवाज करणारी यंत्रं बनवणाऱ्यांना, आपापली सर्किटं नव्याने आखावी लागली. एका शहरात आग लागते आणि निम्म्या धंद्याची चूल विझते, इतका हा धंदा थोड्या खांबांवर उभा आहे. अशा वेळी गाडीची एक ऑर्डर वर्षभराची ददात मिटवते. आमच्याकडे हॅरियर घेतलेला माणूस आधी जेबीएलची पाटी दाखवतो, मग इंजिनाचं बोलतो. मोठ्या घराच्या आसऱ्याला जाणं ही मला बेइमानी वाटत नाही. एकटं राहून मेलेल्या कंपन्यांची यंत्रंही माझ्या फळीवर आहेत.

(मात्र आवाज सुधारतो म्हणून विकता त्या चांदीच्या केबलींचं काही सांगू नका. चांदीकामाचं गाव हुपरी इथून तासाभरावर आहे. चांदीची तार किती बारीक ओढता येते आणि तिचा भाव काय, हे तिथलं शाळकरी पोरगंही सांगेल.)

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला लगेच समजेल. इथे साखर कारखाने किती पाहिले. कोणी अडचणीत आले, कोणी भाड्याने चालवायला गेले, काही खाजगी झाले. पॅनेल पडतं, चेअरमन बदलतो, गेटवरची कमान रंगवतात. पण वार्षिक सभेत मागच्या रांगेतला सभासद उठून एकच विचारतो: सवलतीची साखर चालू राहणार का? तो कर्जाचं, विस्ताराचं, डिस्टिलरीचं ऐकून घेतो, पण साखरेचं उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसत नाही. ज्यानं बारा वर्षांपूर्वी तुमचं यंत्र घेतलं तो सभासद आहे. कंपनीचं नाव मोठं केलं ते त्याच्या पैशानं, आणि त्याच नावाचे तुम्ही एकमेकांना कोटी मोजता. ताळेबंदात त्या नावाला किंमत लावता, मग त्या नावाखाली विकलेल्या यंत्रांचं देणं कोणत्या रकान्यात लिहिता?

सुटे भाग तुम्ही देत नाही म्हणजे काय होतं, तेही ऐका. आम्ही बाजारात जातो. सी ५२०० आणि ए १९४३ ही तोशिबाच्या पॉवर ट्रान्झिस्टरची जोडी माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या अ‍ॅम्पमध्ये असते. बाजारात तिचा खोटा माल अस्सलपेक्षा जास्त. छपाई झकास, पाय चकचकीत. मी प्रत्येक लॉटमधला एक पक्कडीने फोडतो. आतली सिलिकॉनची चकती अस्सलमध्ये चांगली नखाएवढी असते, खोट्यात तिळाएवढी. तो बसवला तर लग्नाच्या वरातीत तिसऱ्या गाण्याला धूर. माझ्याकडे फोडलेल्या ट्रान्झिस्टरची एक बरणी आहे, नव्या पोराला शिकवायला ठेवलीय.

मी फार मागत नाही. ज्या मॉडेलचं उत्पादन थांबलं, त्याचा सर्किट डायग्राम उघडा करा. वडिलांच्या काळात तो यंत्राच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतून चिकटवलेला असायचा. ते पुठ्ठे मी अजून ठेवलेत. नंबर घासू नका, आणि आधी घासले असतील तर यादी द्या. ॲपशिवाय चालू न होणारा अ‍ॅम्प विकायचा असेल, तर ॲप बंद पडेल त्या दिवशी काय करायचं तेही खोक्यात लिहून द्या. आणि जे भाग तुम्हाला परवडत नाहीत, त्यांची मापं आम्हाला द्या.

शेवटची मागणी गंमत म्हणून नाही. एका डॉक्टरांच्या जुन्या टर्नटेबलचं बेअरिंग झिजलं होतं. परदेशातून भाग येईना. उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडे झिजलेलं बुश आणि शाफ्ट घेऊन गेलो. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, शाफ्ट बोटावर फिरवला, म्हणाला, "मशीन कशाचं हाय ते सांगू नका, गाळा किती ठेवायचा ते सांगा." गाळा म्हणजे शाफ्ट आणि बुशमधली फट. गनमेटलचं बुश दोन तासांत. दोन वर्षं झाली, तबकडी आवाज न करता फिरतेय. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा घरचा बनवला, त्या गावाला तुमचं बुश जड नाही. आम्हाला मापाचा कागद मिळाला तर अंदाजाने काम करावं लागणार नाही.

पुण्याचे श्री. अजय शिर्के यांनाही हेच सांगणं. (पुण्याचे म्हणून टोमणा नाही!) त्यांच्या केडेन्स समूहाने २०१६ मध्ये एसएमई घेतली, १९४६ पासून चालत आलेली, टोनआर्म, म्हणजे तबकडीवर सुई धरणारा दांडा, बनवण्यात जगात नाव असलेली. २०१८ मध्ये गॅरार्डही घेतली. मराठी माणसाच्या हाती हे घर आलं याचा मला अभिमान वाटला, दुकानात पेढे वाटले. २०१९ च्या अखेरीस एसएमईने सुटे टोनआर्म विकणं बंद केलं, त्या दिवशी मात्र जेवण गेलं नाही. हवा असेल तर सगळं टर्नटेबल घ्या, असं तेव्हा सांगितलं. त्यामागचं गणित असेल. पण त्याच घराने १९५० च्या दशकातली गॅरार्ड ३०१ पुन्हा नव्याने उभी करून विकायला काढली. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीच्या यंत्राला पुन्हा जिवंत करता येतं, फक्त ते सध्या फार श्रीमंत माणसासाठी होतं.

बोसवाल्यांनी तर आपल्याच नव्या घरातला जुना कागद काढून वाचावा. मॅकिन्टॉश १९६० च्या दशकापासून दुकानादुकानांत क्लिनिक भरवायची. कोणत्याही कंपनीचा अ‍ॅम्प घेऊन या, त्यांचा माणूस मीटर लावून फुकट मोजणार आणि आलेख काढून हातात देणार. दुसऱ्या कंपनीचा चांगला भरला तरी तसंच लिहून देणार. ही प्रथा वर्षानुवर्षं चालली. एवढा विश्वास जाहिरातीने मिळत नाही. तसं एक क्लिनिक कोल्हापुरात भरवा. खासबागेच्या कुस्ती मैदानात नको, एखाद्या मंगल कार्यालयात दोन टेबलं पुरतील. चहा माझा. पांढरा-तांबडा रस्साही माझा. अण्णांचा अ‍ॅम्प पहिल्या नंबरला असेल.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या, अशी क्षेत्रं घेतली. तुमचा धंदा इतका लहान, की सरकारच्या डोळ्यांना तो दिसायला वेळ लागेल. म्हणून कायद्याची वाट न बघता थेट तुम्हालाच लिहिलं.

अण्णांच्या अ‍ॅम्पमधली ती आयसी मी टाकलेली नाही. प्लास्टिकच्या पुडीत घालून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलीय, सोबत चिठ्ठी: 'मूळची. नंबर मिळाल्यास परत बसवणे.' माझ्यानंतर जो कोणी ते अठरा स्क्रू काढेल, त्याच्यासाठी. आठ पायांची आहे, स्टँडबाय बोर्डावर, रिलेच्या डाव्या हाताला. आत प्रोग्रॅम असेल तर नुसत्या नंबराने भागणार नाही, फाइलही लागेल. कोणत्या कंपनीची ते ज्यांना माहीत आहे, त्यांना एवढी खूण पुरेशी आहे.

आपला,
एक अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा
लक्ष्मीपुरी, कोल्हापूर

ता. क. अण्णांचा रिमोट माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. सेल फुटू नयेत म्हणून काढून ठेवलेत.